येणारा आतु, जाणारा आतु

परवा आमच्या ऑफिसातल्या मंडळींनी एक दांडगं मशीन घ्यायचा हट्ट धरला. घ्यावं की घेऊ नये, यावर सकाळपासून खल चालला होता. बोलून बोलून घसे बसले तेव्हा गदगची एक मुलगी वैतागून म्हणाली, "आतु," आणि लॅपटॉप मिटून उठली. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले, की ही हो म्हणाली की नाही म्हणाली. मला खरं तर हसू यायला हवं होतं. पण ते आलं नाही. हाच शब्द, ह्याच प्रश्नाला उत्तर म्हणून, मी पूर्वी एकदा ऐकला होता, आणि तो धक्का अजून जिरलेला नाही.

'आतु' म्हणजे झालं. शब्द कानडी, पण हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत तो मीठ-तिखटासारखा रोजचा. ठरलं तरी आतु आणि संपलं तरी आतु. लग्न जमलं, आतु. दूध नासलं, आतु. समोरचा माणूस कुठला आतु म्हणतोय हे त्याच्या आवाजावरून ओळखायचं असतं. नलिनीअक्कांच्या आवाजावरून ते कधीच ओळखता येत नसे.

नलिनीअक्का नाडगौडा म्हणजे आमच्या मालकीणबाई. आधी धारवाडात कॉलेजात गणित शिकवायच्या. एके दिवशी ती नोकरी सोडली आणि विद्यानगरात एका माडीवर सॉफ्टवेअर लिहायचं दुकान मांडलं. दुकान हा त्यांचाच शब्द. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा हुबळीत सॉफ्टवेअर म्हटलं की ते मीटरवर मिळतं की वारावर, असं विचारणारे लोक होते. माझ्या वडिलांचं दुर्गदबैलच्या बाजारात कुलपं-कड्यांचं दुकान. मला कामावर पाठवण्याआधी ते स्वतः अक्कांना भेटायला गेले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही विकता ते हातात धरता येतं काय?"

"येत नाही," अक्का म्हणाल्या. "पण बिघडलं की गिऱ्हाईक तुमच्यासारखंच दारात येऊन उभं राहतं."

वडील खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून मी माडीवर.

अक्का बुटक्या, ताठ, कायम इलकल साडीत. चष्मा होता, पण तो गळ्यात लोंबत असे. बोलताना त्या आपल्याकडे बघत नसत. तोंड खिडकीकडे आणि कान आपल्याकडे. पहिले काही दिवस मला तो अपमान वाटला. मग रघूनं सांगितलं, की अक्का सगळ्यांचा असाच अपमान करतात, तू काही विशेष नाहीस. रघू आमच्यातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात बडबड्या. तिसरी सुलभा. ती बोलायची कमी आणि करायची जास्त. आम्ही तिघं आणि अक्का, एवढंच ते दुकान.

'आतु'ची पहिली ठेच आम्हाला एका एसीनं दिली. एका उन्हाळ्यात बेंगळूरचा एक विक्रेता जिना चढून आला आणि गारव्याचं माहात्म्य सांगत बसला. अक्का खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आतु." म्हणजे झालं तुझं पुराण, आता ऊठ. तो हात जोडून हसत हसत गेला. आठवडा उलटला नसेल, हातगाडीवरून भलं थोरलं खोकं दाराशी हजर. बेंगळूरकडे आतुला 'आयतु' म्हणतात. त्या बिचाऱ्यानं आमचा आतु आपल्या आयतुत मोजला होता आणि सौदा झाला असं धरलं होतं. रघू भांडायच्या तयारीनं खाली निघाला. अक्कांनी त्याला जिन्यावरच अडवलं.

"शब्द माझ्या तोंडातून गेलाय. राहू दे की."

"पण अक्का, तुमचा अर्थ वेगळा होता."

"अर्थ माझ्यापाशी राहिला, शब्द त्याच्यापाशी गेला. आता काय, माघारी मागायचा काय?"

एसी बसवला. तो लावला की सगळ्या माडीचा फ्यूज उडायचा, म्हणून तो कधी लावला नाही. त्याच्यावर पारव्यांनी संसार थाटला. त्यानंतर आम्ही धडा घेतला. अक्का आतु म्हणाल्या की आमच्यातलं कोणीतरी लगेच विचारायचं, "कुठला आतु, अक्का? येणारा की जाणारा?" येणारा म्हणजे ठरलं, जाणारा म्हणजे संपलं. अक्काही गमतीनं पण नेमकं उत्तर द्यायच्या. दुकानाचा सगळा कारभार या एका प्रश्नावर चालायचा.

दुसरी गोष्ट संथेची. अक्कांचे वडील वैदिक. लहानपणी घरात मुलं संथा घ्यायला यायची, म्हणजे गुरूनं ऋचा म्हणायची आणि मुलांनी ती मागून म्हणत पाठ करायची. अक्कांनी ही रीत प्रोग्रामला लावली. दुपारचा चहा झाला की ज्यानं जे लिहिलं असेल ते त्यानं मोठ्यानं वाचायचं. एक ओळ आपण म्हणायची, अक्का ती मागून म्हणणार, मग पुढची. कंससुद्धा वाचायचे. "जर शिल्लक शून्यापेक्षा कमी, कंस बंद." "जर शिल्लक शून्यापेक्षा कमी, कंस बंद." अक्का डोळे मिटून, मान डोलावत. मध्येच हात वर जायचा.

"थांब. वर कुठंतरी एक कंस उघडा टाकून आलायस तू. दार उघडं टाकून आल्यासारखा. जा, बंद करून ये."

जाऊन बघावं तर कंस खरोखर उघडा. शेजारच्या कानडी बाईंना हे रोज ऐकू जायचं. एकदा त्यांनी सुलभाला जिन्यात गाठून हळूच विचारलं, की तुमच्याकडे दुपारी कसलं व्रत चालतं, फळ चांगलं मिळतं का. सुलभा गंभीरपणे म्हणाली, "नियम कडक आहेत, काकू. पण गुण येतो." पुढं त्या बाई संक्रांतीला अक्कांच्या पाया पडून गेल्या.

"जे मोठ्यानं वाचता येत नाही ते लिहू नये," असं अक्का म्हणत. आम्हाला ते फार मोठं तत्त्वज्ञान वाटे. रघूनं ते कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलंही होतं. त्या कागदाकडे अक्कांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. आम्ही समजलो, बाईंना स्तुती आवडत नाही.

आणि तिसरी गोष्ट माठाची. ती आठवली की मला अजून अंगावर पाणी पडल्यासारखं होतं. कोपऱ्यातला माठ पाझरायला लागला होता, म्हणून सुलभानं तो उचलून दाराजवळ ठेवला. अक्का नेहमीच्या झपाट्यानं आत आल्या आणि सरळ माठावर गेल्या. माठ फुटला, पाणी हॉलभर. आम्ही हसत धावलो. अक्का नेहमी स्वतःच्या फजितीवर आमच्याआधी हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत.

"वस्तूची जागा बदलायची नाही," त्या ओरडल्या. "इथं काहीही, कधीही, जागचं हलवायचं नाही. कळतंय काय तुम्हाला?"

कधी चढा सूर न लावलेली बाई एका माठासाठी एवढी पेटली. सुलभा रडायला लागली. अक्का ओल्या फरशीवर बसल्या आणि तळहातानं चाचपून चाचपून खापऱ्या गोळा करू लागल्या. आम्हाला हात लावू देईनात. रघूनं नंतर खुलासा केला, की गणिती माणसं अशीच असतात, एक चिन्ह जागचं हललं की त्यांचं सगळं उत्तर चुकतं. आम्हाला पटलं. हुशार माणसानं सांगितलेला चुकीचा खुलासा किती पटकन पटतो याचा मला आता अचंबा वाटतो.

दुकानात तेव्हा एकच मशीन होतं. कोपऱ्यात युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं, स्वतःचा पडदा-कीबोर्ड असलेलं एक खोकं आणि त्याला जोडलेले चार टर्मिनल. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि एक कीबोर्ड. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं, बाकी चित्र नाही, रंग नाही, माऊस नाही. आम्ही तिघं पानभर मजकूर एकदम दिसेल अशा एडिटरमध्ये लिहायचो. अक्का मात्र कुठलातरी आदिकाळचा एडिटर वापरायच्या. त्यात पान दिसतच नाही. ओळीचा आकडा सांगायचा, हुकूम द्यायचा, ती ओळ बदलते. पोस्टकार्डावर कादंबरी लिहिण्यातला प्रकार. पण अक्का खिडकीकडे बघत बघत सरसर टाइप करायच्या आणि त्यांचं चुकत नसे.

मग बेंगळूरच्या एका कंपनीकडून विचारणा आली. यंत्राच्या सुट्या भागांची रेखाचित्रं काढणारा त्यांचा प्रोग्राम होता, त्याचा मोठा तुकडा बाहेर लिहायला द्यायचा होता. अट एकच. त्यांच्याकडे आहे त्याच जातीच्या युनिक्स वर्कस्टेशनवर तो लिहायला हवा. वर्कस्टेशन म्हणजे एका माणसानं बसायचं ताकदवान मशीन. मोठा रंगीत पडदा, पडद्यावर खिडक्या, आणि सगळा कारभार माऊसनं. विकणारी मंडळी म्हणाली, तुमचं जुनं खोकं चारी टर्मिनलांसकट बदल्यात घेऊन जाऊ.

आम्हाला ह्या कामाची गरज होती. आमची जुनी गिऱ्हाइकं बाजारात तयार मिळणाऱ्या प्रोग्रामांकडे वळत होती. काम नाही मिळालं तर वर्षाच्या आत माडीला कुलूप लागणार, आणि ते कुलूप माझ्या वडिलांच्याच दुकानातून येणार, असा विनोद मी करायचो. कोणी हसायचं नाही.

रघू वर्कस्टेशनसाठी हट्टाला पेटला. त्याला रात्री स्वप्नात खिडक्या दिसायच्या. सुलभा विरुद्ध. तिचं म्हणणं, एक मशीन, एक खुर्ची, मग बाकीच्यांनी काय तुळशीला पाणी घालायचं? मी नेहमीप्रमाणे शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचा. आणि अक्का? सौदा एका वाक्यात मोडणारी किंवा जोडणारी ही बाई या वेळी हलेना. आज बघू, उद्या बघू. रघू म्हणाला, म्हातारपण आलं. शेवटी अक्काच म्हणाल्या, "आणून दाखव म्हणावं. बघून सोडू या एकदा."

मशीन आलं. खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. मशीन घेऊन आलेल्या विक्रेत्यानं ते चालू केलं आणि रघूच्या तोंडून आवाजच निघेना. पडद्यावर निळ्या रंगाचं दातेरी चाक गरागरा फिरत होतं. विक्रेता कानडीत वर्णन करत होता: हे निळं चाक फिरतंय, हे त्याचे दाते, इथं माऊस दाबला की चाक उभं कापून आतलं दिसतं. अक्का पडद्यासमोर बसून ऐकत होत्या.

"ह्याला माऊस काढून चालवता येतं काय?" त्यांनी कानडीत विचारलं.

तो हसला. "माऊस इल्लदे इदु कुरुडु, मॅडम." माऊसशिवाय हे आंधळं आहे.

अक्काही हसल्या. "हौदा," म्हणाल्या. असं काय.

तो फोन करायला खाली गेला. आम्ही अक्कांच्या मागं उभे. रघूचं सुरूच होतं, हे काम कसं होईल, ते कसं होईल. बोलण्याच्या नादात पाच-दहा मिनिटं गेली असतील. माऊसला कोणाचा हात लागला नाही, म्हणून पडदा आपोआप विझला. ती त्याची रीतच होती. मशीन आतून घुमत होतं, पडदा तेवढा काळा. त्या काळ्या काचेत अक्कांचा चेहरा दिसत होता. मी माऊस हलवायला हात पुढं केला, तेवढ्यात अक्का म्हणाल्या,

"रंग काय सुरेख आहे रे. आणि किती वेळ झाला, ते चाक आपलं फिरतंयच."

माझा हात तसाच राहिला. रघूचं बोलणं अर्ध्या शब्दावर तुटलं. मी रघूकडे पाहिलं, तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. माठ, खापऱ्या, संथा, खिडकीकडे वळलेलं तोंड, सगळं एकदम अंगावर आलं. इतकी वर्षं. रोज. आणि आम्ही तीन डोळस माणसं.

सुलभानं शांतपणे हात पुढं केला, माऊस हलवला. चाक परत फिरायला लागलं. "हो अक्का," ती म्हणाली, "फिरतंय की."

अक्कांनी माऊसच्या दिशेनं कान दिला.

"सुलभा, तू आत्ता माऊस हलवलास. मला ऐकू आलं." मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पडदा काळा होता काय?"

सुलभानं माऊसवरचा हात काढून घेतला.

"वाच की कोणीतरी मोठ्यानं. काय आहे तिथं?"

मला रडू फुटलं. मोठा माणूस मी, पण फुटलं. अक्कांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि म्हणाल्या, "मोहन आहे वाटतं. ह्याला पाणी द्या. माठ जागेवर आहे काय?"

काचबिंदू होता. आधी कडेचं दिसणं गेलं, मग मधलं. कॉलेजात फळ्यावर लिहिता येत होतं, लिहिलेलं नीट दिसत नव्हतं; मुलांनी एकदा ओळीवर ओळ चढलेली दाखवली, त्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. हिरवी अक्षरं सुरुवातीला थोडी दिसायची. ती मावळायला लागली तेव्हा संथा सुरू झाली. आम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ त्या मागून म्हणत होत्या कारण पाठ करत होत्या. रिक्षावाला बाबूसाब दारापर्यंत आणून सोडायचा. जिना पायांना पाठ, हॉल हातांना पाठ. त्या जुन्या टर्मिनलवर डोळ्यांचं काही काम नव्हतं, आकडा सांगितला की ओळ बदलायची. तेवढी एकच जागा उरली होती जिथं त्या कोणाच्याही बरोबरीनं काम करू शकत होत्या. आणि नवीन मशीन घ्यायचं म्हणजे ती जागा गाडीत घालून पाठवायची.

"अक्का, नको हे मशीन," रघू म्हणाला. मघापर्यंत त्याच मशीनसाठी उपाशी बसायला निघालेला रघू. "आहे ते चांगलं आहे. दुसरं काम शोधू या."

अक्का भडकल्या. माठाच्या दिवसासारख्याच.

"काल घ्यायचं म्हणत होतास ते कशासाठी? कामासाठी. आज काम बदललं काय? मग तू काय बदललंस? मला घालून बघू नकोस गणितात, उत्तर चुकतंय."

तेवढ्यात विक्रेता जिना चढून वर आला. आमची तोंडं बघून तो दारातच घुटमळला. अक्कांनी त्याला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "ह्याच्यापुढं सुलभा बसेल." सुलभा दचकली, ती तर विरुद्ध होती. "तिचा हात लवकर चालतो आणि तोंड शांत राहतं. रघू आणि मोहन आळीपाळीनं शेजारी बसून शिका. खुर्च्या आहेत की." विक्रेत्यानं अदबीनं विचारलं, मग काय ठरलं, मॅडम?

"आतु," अक्का म्हणाल्या.

त्याला कळलं. त्यानं हात जोडले. पण रघूच्या तोंडून सवयीनं प्रश्न निघून गेला. इतक्या वर्षांची सवय, ती काय थांबते.

"कुठला आतु, अक्का? येणारा की जाणारा?"

विचारल्यावर त्यानं जीभ चावली. अक्का खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"दोन्ही की रे," त्या म्हणाल्या.

जुनं मशीन न्यायला टेम्पो आला त्या दिवशी अक्कांचे धाकटे भाऊही आले होते, त्यांना कलघटगीला आपल्या घरी घेऊन जायला. ते खाली गाडीत बसून होते. मी अक्कांना विचारलं, "दुपारी संथेला येत जाल ना? बाबूसाबला सांगतो."

"चित्रांची संथा कशी द्यायची, मोहन?" अक्का म्हणाल्या.

मशीन त्यांनी स्वतः बंद केलं. आपल्या टर्मिनलपुढं बसल्या, बंद करायचा हुकूम टाइप केला. कोपऱ्यातल्या खोक्याच्या पडद्यावर शेवटचा मजकूर आला. "वाच," त्या म्हणाल्या. मी इंग्रजी मजकूर मराठीत करून वाचला, की आता वीज बंद करायला हरकत नाही, किंवा पुन्हा सुरू करायचं असेल तर कोणतीही कळ दाबा. अक्का उठून त्या खोक्यापाशी गेल्या आणि कीबोर्डवर बोट ठेवलं. दाबलं नाही. थोड्या वेळानं बोट उचललं. "काढ वायर," रघूला म्हणाल्या. घुमणारा आवाज थांबला, आणि मला त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले.

हमालांनी सामान न्यायला सुरुवात केली. टेबलं ओढून मधोमध आणली, खुर्च्या एकावर एक रचल्या, वायरी फरशीवर पसरल्या. खाली भावानं हॉर्न वाजवला. अक्का निघाल्या. दोन पावलं टाकली आणि थांबल्या. ज्या हॉलमध्ये ही बाई वाऱ्यासारखी फिरायची, त्याच हॉलच्या मध्यावर उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. रिकाम्या हवेत. तसा पुढं केलेला त्यांचा हात मी कधीच बघितला नव्हता. मला पुन्हा तोच धक्का बसला, जणू आधी काही कळलंच नव्हतं.

रघू धावत गेला आणि त्यांचा दंड धरला. अक्कांनी तो सोडवून घेतला.

"धरू नको रे. मोहन, मोठ्यानं वाच."

मी समोर होतं ते वाचायला लागलो.

"डावीकडं टेबल."

"डावीकडं टेबल," अक्का म्हणाल्या, आणि उजवीकडून गेल्या.

"खाली वायर."

"खाली वायर." पाऊल उचलून टाकलं.

"खुर्च्या. आता मोकळं."

"खुर्च्या. आता मोकळं."

हमाल हातातलं सामान तसंच धरून उभे होते. सुलभा भिंतीला चिकटून उभी होती.

"उंबरा," मी म्हटलं.

"उंबरा," अक्का म्हणाल्या, आणि बाहेर पडल्या.